गृहकर्ज दुसऱ्या बँकेत न्यावं का? आधी हा हिशेब करा

फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५० वरून ५.५० टक्क्यांवर आणला. तरीही तुमच्या गृहकर्जाचा व्याजदर जिथल्या तिथेच असेल, तर पुढचं वाचा.

आधी स्वतःच्या बँकेत जा

१ ऑक्टोबर २०१९ पूर्वी बँकांनी दिलेली बरीच कर्जं रेपोशी जोडलेली नाहीत. ठरावीक शुल्क भरून त्याच बँकेत दर बदलून मिळू शकतो. तसा लेखी अर्ज द्या.

हिशेब कसा करायचा?

समजा, २० लाख बाकी आहेत आणि १५ वर्षं उरली आहेत. ९.५ टक्क्यांनी हप्ता सुमारे २०,८८५ रुपये, ८.५ टक्क्यांनी १९,६९५. महिन्याला १,१९० रुपये वाचतात. प्रोसेसिंग फी, वकील, मुद्रांक शुल्क मिळून २० हजार लागले, तर ते १७ महिन्यांत वसूल होतात.

फसगत कुठे होते?

नव्या बँकेने मुदत पुन्हा २० वर्षं केली, तर हप्ता १७,३५५ वर येतो. पण शेवटपर्यंत सुमारे ४ लाख रुपये जास्तच जातात. म्हणून मुदत तीच ठेवायला सांगा.

केळीचा पैसा आणि हप्ता

यावल-रावेर पट्ट्यात केळीचा माल कापला की पैसा एकदम येतो, हप्ता मात्र दर महिन्याला जातो. वादळात बाग आडवी झाली तरी तो थांबत नाही. त्यामुळे आधी सहा हप्त्यांची रक्कम बाजूला ठेवा. उरलेल्यातून मुद्दल फेडा. वैयक्तिक गृहकर्जाचा दर फ्लोटिंग असेल, तर मुदतीआधी पैसे भरल्याबद्दल बँक दंड घेऊ शकत नाही.