खिशात मावणारे कान

गावच्या सप्ताहातलं काल्याचं कीर्तन मी पहिल्यांदा रेकॉर्ड केलं आणि रात्री घरी ऐकायला बसलो, तेव्हा जीव हळहळला. बुवा हलक्या आवाजात निरूपण करत होते तिथे मंडपातल्या पंख्यांची घरघर उसळून वर आली होती. पंचवीस टाळ एकदम वाजले की बुवा विहिरीत पडावेत तसे खाली जात. रेकॉर्डरवर ‘ऑटो’ चालू राहिलं होतं. शांतता झाली की ते आवाज चढवतं, गजर झाला की दाबतं. सभेतल्या भाषणाला ते चालतं. कीर्तनाचा जीव मात्र त्या चढउतारातच असतो. नवं यंत्र घ्यायला निघालो ते हा धडा घेऊन, आणि त्यापायी या यंत्राच्या कुळाच्या मागे लागलो.

यातला खिसा आला नेदरलँड्समधून. फिलिप्स कंपनीचे अभियंते लू ओटेन्स यांनी कोटाच्या खिशात बसेल एवढा लाकडाचा ठोकळा कापून घेतला आणि यंत्र त्या मापात बसवायचं ठरवलं. पुढे गाडीचं चाक बदलताना जॅकखाली टेकण म्हणून तो ठोकळा वापरला गेला आणि हरवला, असं सांगतात. त्याच ध्यासातून १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात कॅसेट लोकांपुढे आली. पण आकार लहान करायचा म्हणून फीत जेमतेम पावणेचार मिलिमीटर रुंद आणि तिचा वेग सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर. एवढ्याशा फितीवर आवाज उमटवायला जागा कमी, म्हणून मागे ती कायमची सूं सूं. आपल्याकडच्या कितीतरी घरगुती बैठका या सूं सूंसकट जपल्या गेल्या आहेत, आणि मला ती आता परकी वाटत नाही.

कान त्याहून जुने. आजच्या रेकॉर्डरच्या डोक्यावर दोन माइक एकमेकांना छेद देऊन बसवलेले दिसतात, त्यांचं मूळ इंग्लंडच्या अ‍ॅलन ब्लमलाइन यांच्या १९३१ च्या पेटंटपर्यंत जातं. सिनेमात माणूस पडद्याच्या या टोकाकडून त्या टोकाला जातो, पण त्याचा आवाज एकाच जागेहून येतो, हे त्यांना खटकलं होतं. दोन माइक एकाच जागी, पण वेगवेगळ्या दिशांना तोंड करून ठेवले, की आवाज कुठून आला हे नंतर ऐकणाऱ्यालाही कळतं. पखवाज डावीकडे होता, वीणेकरी मधोमध, हे डोळे मिटून सांगता येतं ते यामुळे.

फीत जाऊन मेमरी कार्ड आलं तेव्हा खिसा आणि कान एकत्र नांदू लागले. २००६ चा झूम कंपनीचा एच४ रेकॉर्डर तसा जाडजूड, पण २०१० चा एच१ खरा खिशातला: साठ ग्रॅम वजन आणि एक पेन्सिल सेल.

मग निवड कशावर करायची? माझ्या मते आवाज फाटतो कधी, यावर. सोळा बिटच्या रेकॉर्डिंगमध्ये सगळ्यात हलका आणि सगळ्यात मोठा आवाज यांत सुमारे ९६ डेसिबलचं अंतर मावतं. चोवीस बिटमध्ये कागदावर १४४. प्रत्यक्षात तेवढं मिळत नाही, पण लेव्हल मुद्दाम खाली ठेवून निर्धास्त बसता येतं. २०२४ च्या एच१ इसेन्शियलसारख्या यंत्रात आवाजाचे आकडे करणारे दोन भाग असतात, एक हलक्या आवाजाला, एक मोठ्याला. शिवाय आकडे ३२ बिट फ्लोट पद्धतीने लिहिले जातात. लेव्हलचं बटणच नाही. फार मोठा झालेला आवाज घरी खाली आणता येतो. मात्र माइकचा पडदाच टाळांच्या माऱ्याने हबकला, तर पुढचं कुठलंही गणित त्याला वाचवत नाही.

म्हणून यंदा मी टाळकऱ्यांच्या ओळीपासून चार पावलं मागे, खांबाला छातीच्या उंचीवर यंत्र बांधलं, माइकवर स्पंजाची टोपी चढवली. घरी कानाला हेडफोन लावला. गजर सुरू होण्याआधी वीणेकऱ्याने तार एकदा हलकेच छेडून पाहिली होती. मंडपात मी ती ऐकलीच नव्हती.