नायगावचं मिठागर पावसाळ्यात काय करतं?

लोकलने भाईंदर सोडलं की वसईची खाडी लागते, मध्ये पाणजू बेट आणि पलीकडे नायगावची मिठागरं. विकासाचे परिणाम कसे मोजायचे हा तुमचा विषय असेल, तर या पट्ट्याचा इतिहास 'परिसंस्था सेवां'च्या अंगाने वाचून बघा. निसर्गाकडून माणसाला जे जे मिळतं, ती सेवा. 2005 च्या 'मिलेनियम इकोसिस्टिम असेसमेंट'ने तिचे चार गट केले: पुरवठा, नियमन, सांस्कृतिक आणि आधारभूत.

मिठागराचा पुरवठा कुणालाही दिसतो, मीठ! ते पिकतं कोरड्या महिन्यांत. पाऊस लागला की काम बंद आणि कागदावर जमीन 'रिकामी'. खरं तर तिची दुसरी पाळी तेव्हाच सुरू होते. हा सखल पट्टा पावसाचं पाणी थोपवून धरतो, ओहोटीला खाडीत जाऊ देतो. ही नियमनाची सेवा. तिची पावती कुणी फाडत नाही.

आता 1994 ची ईआयए अधिसूचना काढा. तिच्यातल्या 'रॅपिड' अहवालाला एकाच ऋतूची मोजमापं पुरायची, आणि तो ऋतू पावसाळा सोडून! म्हणजे सगळं नियमाप्रमाणे केलं तरी मिठागराचं निम्मं काम अहवालाबाहेर. माझ्या मते या पद्धतीतली ही सगळ्यात महागडी फट.

1990 मध्ये सिडको वसई-विरारचं नियोजन प्राधिकरण झालं. इमारती वाढल्या, टँकर गावच्या विहिरींवर आले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासोबत हरित वसई चळवळीने लावून धरलेला पाण्याचा प्रश्न सेवा कुणाची आणि लाभ कुणाला, हाच होता. संज्ञा तेवढी नंतर रुळली.

जुलै 2018 मध्ये नालासोपाऱ्याला रूळ बुडाले, लोकल थांबली, वसईच्या मिठागरात शेकडो लोक अडकले. पण एवढ्यावरून 'भराव टाकला म्हणून पूर आला' असं प्रबंधात लिहू नका, मार्गदर्शक तिथेच अडवतील. भरती, तुंबलेले नाले, 1860 च्या दशकापासूनचा रेल्वेचा बांध, सगळंच तपासावं लागतं.

आणि आधारवर्ष जपून निवडा. 2015 धरलंत तर अर्धी भरलेली जमीनच 'मूळ स्थिती' ठरते. 1990 च्या आधीचा नकाशा मिळवा, त्यावर सखल भाग रंगवा, मग जून ते सप्टेंबर भरतीचं वेळापत्रक हातात घेऊन पाण्याची पातळी मोजा. गमबूट मात्र गुडघ्यापर्यंतचे घ्या.