शियापारेली लँडर

शियापारेली हा मंगळाच्या पृष्ठभागावर अलगद उतरण्याचे तंत्र पारखण्यासाठी युरोपीय अंतराळ संस्थेने तयार केलेला प्रायोगिक लँडर होता. युरोप व रशिया यांच्या संयुक्त एक्सोमार्स मोहिमेच्या पहिल्या टप्प्यात, १४ मार्च २०१६ रोजी, त्याचे प्रक्षेपण झाले. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी मंगळावर उतरताना तो कोसळून नष्ट झाला. या अवतरणाच्या वेळी लँडरने सोडलेले क्षीण रेडिओ संदेश पुणे जिल्ह्यातील खोडद येथील जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप या दुर्बिणीने पृथ्वीवरून थेट टिपले. ही दुर्बीण जीएमआरटी या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. सूर्यमालेतील ग्रहांच्या शोधमोहिमांत महाराष्ट्रातील वेधशाळेने बजावलेल्या प्रत्यक्ष कामगिरीचे हे ठळक उदाहरण आहे.

== नाव ==
या लँडरला इटालियन खगोलशास्त्रज्ञ जोव्हान्नी शियापारेली (१८३५–१९१०) यांचे नाव देण्यात आले. १८७७ साली मंगळ पृथ्वीच्या जवळ आला असता त्यांनी त्याच्या पृष्ठभागाचा नकाशा तयार केला आणि त्यावर दिसलेल्या रेषांना ‘कानाली’ असे संबोधले. इटालियन भाषेत या शब्दाचा अर्थ नैसर्गिक चर किंवा प्रवाहमार्ग असाही होतो. परंतु इंग्रजीत त्याचे भाषांतर ‘कालवे’ असे झाले. त्यातून मंगळावर बुद्धिमान प्राण्यांनी कालवे खणले असावेत अशी कल्पना पसरली. पुढे अंतराळयानांनी जवळून घेतलेल्या छायाचित्रांत असे कालवे आढळले नाहीत.

== पार्श्वभूमी ==
मंगळाचे वातावरण अत्यंत विरळ आहे. पृष्ठभागावरील त्याचा दाब पृथ्वीवरील दाबाच्या एक टक्क्याहूनही कमी असतो. त्यामुळे तेथे यान उतरवणे दुहेरी अडचणीचे ठरते. प्रचंड वेगाने शिरणारे यान तापून नष्ट व्हावे एवढे हे वातावरण दाट आहे, परंतु केवळ पॅराशूटच्या आधारे त्याचा वेग पुरेसा कमी व्हावा एवढे ते दाट नाही. म्हणून उष्णतारोधक कवच, पॅराशूट आणि रॉकेट इंजिने यांचा क्रमाने वापर करावा लागतो. पृथ्वीवरून संदेश पोहोचण्यास अनेक मिनिटे लागत असल्याने ही सर्व कामे यानावरील संगणकाला स्वतःच करावी लागतात.

यापूर्वीच्या काही अपघातांनी एक धडा शिकवला होता. डिसेंबर १९९९ मध्ये नासाचा मार्स पोलर लँडर उतरताना नाहीसा झाला. अवतरणाच्या काळात संदेश पाठवण्याची सोय त्यावर नसल्याने नेमके काय बिघडले याचा प्रत्यक्ष पुरावा मिळाला नाही. डिसेंबर २००३ मध्ये युरोपच्या मार्स एक्सप्रेस यानाने सोडलेला बीगल २ हा लँडरही असाच मूक झाला. तो पृष्ठभागावर असल्याचे २०१५ साली, तब्बल अकरा वर्षांनी, छायाचित्रांवरून उघड झाले. त्यामुळे यान सुखरूप उतरो अथवा न उतरो, अवतरणाच्या प्रत्येक टप्प्याची नोंद मिळालीच पाहिजे, ही नंतरच्या मोहिमांची महत्त्वाची अट बनली.

== रचना व नियोजन ==
उष्णताकवचासह शियापारेलीचा व्यास २.४ मीटर व वस्तुमान ५७७ किलोग्रॅम होते. त्यावर सौरपट्ट्या नव्हत्या. केवळ विजेरीवर चालणारा हा लँडर पृष्ठभागावर काही दिवसच कार्यरत राहणार होता. तेवढ्या काळात वाऱ्याचा वेग, तापमान, दाब, आर्द्रता इत्यादींचे मापन करणारी उपकरणे त्यावर बसवली होती. तथापि त्याचा मुख्य उद्देश अवतरण तंत्राची चाचणी हाच होता.

मंगळाच्या विषुववृत्ताजवळील मेरिडियानी प्लॅनम हे सपाट मैदान उतरण्यासाठी निवडले होते. सुमारे १२१ किलोमीटर उंचीवर, ताशी सुमारे २१,००० किलोमीटर वेगाने वातावरणात प्रवेश केल्यापासून सुमारे सहा मिनिटांत पुढील क्रिया पार पडणार होत्या:

* उष्णताकवचाच्या घर्षणाने बहुतांश वेग कमी करणे;
* सुमारे ११ किलोमीटर उंचीवर १२ मीटर व्यासाचे पॅराशूट उघडणे;
* सुमारे ७ किलोमीटर उंचीवर पुढचे उष्णताकवच टाकून रडारने उंची मोजण्यास प्रारंभ करणे;
* सुमारे १.२ किलोमीटर उंचीवर पॅराशूट व मागचे कवच सोडून नऊ लहान रॉकेट इंजिने सुरू करणे;
* जमिनीपासून सुमारे २ मीटर अंतरावर इंजिने बंद करून, तळाशी असलेल्या चुरगळणाऱ्या संरचनेवर धक्का झेलणे.

== खोडद येथील दुर्बीण ==
जीएमआरटी ही दुर्बीण पुण्याच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटर अंतरावर, जुन्नर तालुक्यातील खोडद या गावाजवळ आहे. ठाणे जिल्ह्यातून कल्याण, मुरबाड, टोकावडे या मार्गाने माळशेज घाट चढून गेले की जुन्नर तालुका लागतो आणि पुढे ओतूर, आळेफाटा व नारायणगाव येथून खोडदला जाता येते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या नेतृत्वाखाली ही दुर्बीण उभारली.

प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना मिळून ही दुर्बीण बनते. त्यांपैकी १४ अँटेना मध्यवर्ती सुमारे एक चौरस किलोमीटर क्षेत्रात असून उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या आकारातील तीन भुजांवर विखुरलेल्या आहेत. सर्वांत दूरच्या अँटेनांमधील अंतर सुमारे २५ किलोमीटर आहे. तबकड्यांचा परावर्तक पृष्ठभाग सलग पत्र्याऐवजी ताणलेल्या पोलादी तारांच्या जाळीचा आहे. त्यामुळे वजन, वाऱ्याचा भार व खर्च या तिन्ही गोष्टी कमी झाल्या.

जागेची निवड करताना मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कमी असणे हा प्रमुख निकष होता. तसेच भूचुंबकीय विषुववृत्तापासून पुरेसे उत्तरेस असल्याने येथील आयनांबर तुलनेने शांत असते आणि तरीही दक्षिण आकाशाचा मोठा भाग येथून दिसतो. शियापारेलीच्या निरीक्षणात ही गोष्ट उपयोगी पडली. त्या दिवशी मंगळ धनू राशीत, म्हणजे खगोलीय विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेस होता. अवतरणाच्या वेळी भारतात रात्रीचे सव्वाआठ झाले होते आणि मंगळ नैर्ऋत्य आकाशात क्षितिजापासून बऱ्यापैकी वर होता.

== संदेश कसा टिपला ==
शियापारेलीचा प्रक्षेपक सुमारे ४०१ मेगाहर्ट्झ वारंवारतेवर चालत असे. त्याची शक्ती मुळात मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांपर्यंत संदेश पोहोचवण्यापुरती होती. त्या दिवशी मंगळ पृथ्वीपासून सुमारे १७ कोटी ६० लाख किलोमीटर दूर होता. एवढ्या अंतरावर काही वॅट शक्तीचा संदेश अतिशय क्षीण होतो. त्यातील माहिती वाचणे पृथ्वीवरून शक्य नव्हते. केवळ माहिती वाहून नेणारी मूळ लहर, म्हणजे वाहक लहर, ओळखता येणार होती आणि त्यासाठीही अनेक मोठ्या अँटेनांनी ग्रहण केलेले संकेत अचूक जुळवून एकत्र करावे लागणार होते. त्या सुमारास दुर्बिणीच्या नूतनीकरणात बसवण्यात येत असलेल्या २५० ते ५०० मेगाहर्ट्झच्या संग्राहकांच्या टप्प्यात ही वारंवारता येत होती. या कामात नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीचे सहकार्य लाभले.

वाहक लहरीत माहिती नसली तरी तिच्या वारंवारतेतील बदल बोलका असतो. डॉप्लर परिणामामुळे, यानाचा आपल्या दृष्टिरेषेतील वेग सेकंदाला १ किलोमीटरने बदलला तर ४०१ मेगाहर्ट्झच्या संदेशाची वारंवारता सुमारे १,३४० हर्ट्झने सरकते. म्हणून वारंवारतेचा आलेख पाहताना वातावरणात शिरल्यावर यान किती झपाट्याने मंदावले आणि पॅराशूट उघडताना त्याला केव्हा झटका बसला, हे समजू शकते. यानाभोवतीच्या तप्त विद्युतभारित वायूमुळे प्रवेशाच्या काळात संदेश काही वेळ खंडित होणेही अपेक्षित असते.

== १९ ऑक्टोबर २०१६ ==
शियापारेली १६ ऑक्टोबर रोजी आपल्या मातृयानापासून, म्हणजे ट्रेस गॅस ऑर्बिटरपासून, विलग झाला. वीज वाचवण्यासाठी तो निद्रावस्थेत ठेवला होता. वातावरण प्रवेशाच्या सुमारे सव्वा तास आधी तो ठरल्याप्रमाणे जागा झाला व त्याचा संदेश खोडद येथे पोहोचला.

भारतीय वेळेनुसार रात्री ८ वाजून १२ मिनिटांनी लँडरने मंगळाच्या वातावरणात प्रवेश केला. संदेशाला पृथ्वीवर येण्यास ९ मिनिटे ४७ सेकंद लागत असल्याने, खोडद येथे प्रवेशाची चिन्हे दिसू लागली तेव्हा मंगळावर सारे काही घडून गेले होते. वातावरण प्रवेश व पॅराशूट उघडणे हे टप्पे संदेशात ओळखता आले. मात्र जमिनीला टेकण्याच्या अपेक्षित वेळेच्या थोडे आधी संदेश थांबला. मंगळाभोवतीच्या मार्स एक्सप्रेस यानानेही लँडरचा संदेश स्वतंत्रपणे नोंदवला होता आणि तोही त्याच सुमारास तुटलेला आढळला. दोन वेगवेगळ्या ठिकाणच्या नोंदी जुळल्यामुळे दोष ग्रहण करणाऱ्या यंत्रणेत नसून लँडरमध्येच आहे, असे मानण्यास आधार मिळाला.

त्याच वेळी ट्रेस गॅस ऑर्बिटरने आपले मुख्य इंजिन सुमारे १३९ मिनिटे चालवून मंगळाच्या कक्षेत यशस्वी प्रवेश केला. लँडरने पाठवलेली सविस्तर तांत्रिक माहिती या ऑर्बिटरने साठवली होती. ती नंतर पृथ्वीवर आली व चौकशीचा मुख्य आधार ठरली.

== अपघाताचे कारण ==
२० ऑक्टोबर रोजी नासाच्या मार्स रिकनेसन्स ऑर्बिटरने घेतलेल्या छायाचित्रात पॅराशूटचा पांढरा ठिपका आणि त्यापासून सुमारे १ किलोमीटर अंतरावर आघाताचा काळा डाग दिसला.

चौकशीचा अहवाल मे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार पॅराशूट उघडल्यावर लँडर अपेक्षेपेक्षा अधिक वेगाने हेलकावला. त्यामुळे त्याचे परिवलन मोजणारे उपकरण सुमारे एक सेकंद आपल्या कमाल मर्यादेवर अडकले. संगणकाने ते मापन खरे धरून लँडरच्या कलाचा चुकीचा अंदाज बांधला. पुढे रडारच्या योग्य मापनाशी हा चुकीचा अंदाज जोडला गेला तेव्हा लँडर जमिनीच्या पातळीखाली आहे, असे अशक्य उत्तर निघाले. ते अशक्य असल्याची शहानिशा करणारी तपासणी संगणकप्रणालीत नव्हती. परिणामी पॅराशूट वेळेपूर्वीच सोडले गेले, ३० सेकंद चालावयाची इंजिने ३ सेकंदांतच बंद झाली आणि लँडरने आपण उतरलो असे समजून पृष्ठभागावरील काम सुरू केले. प्रत्यक्षात तो सुमारे ३.७ किलोमीटर उंचीवर होता. तेथून मुक्तपणे पडून तो ताशी सुमारे ५४० किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळला.

== परिणाम व महत्त्व ==
लँडर नष्ट झाला तरी उष्णताकवच, पॅराशूट व रडार यांच्या कार्याची माहिती हाती आली. पॅराशूटच्या गतीचे अधिक काटेकोर प्रारूप तयार करणे आणि संगणकाला असंभाव्य मापने ओळखता येणे, या गोष्टींवर अहवालाने भर दिला. एक्सोमार्सचा दुसरा टप्पा असलेली रोझलिंड फ्रँकलिन ही फिरती गाडी २०२० व २०२२ या दोन्ही नियोजित वेळी जाऊ शकली नाही. रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर २०२२ मध्ये युरोपने रशियाशी असलेले या मोहिमेतील सहकार्य थांबवले. तिचे प्रक्षेपण आता २०२८ मध्ये नियोजित आहे. ट्रेस गॅस ऑर्बिटर मात्र २०१८ पासून मंगळाच्या वातावरणाचा अभ्यास करीत असून पृष्ठभागावरील गाड्यांचे संदेशही पृथ्वीकडे पाठवतो.

जीएमआरटीचे नेहमीचे कार्य स्पंदक तारे, दीर्घिका व विश्वातील हायड्रोजन वायू यांच्या अभ्यासाचे आहे. गुरूभोवतीच्या प्रारण पट्ट्यांतून येणाऱ्या रेडिओ लहरींचाही तेथून अभ्यास झाला आहे. अशा क्षीण लहरी टिपण्यासाठी परिसरात रेडिओ शांतता टिकवणे आवश्यक असते. म्हणून दुर्बिणीच्या आवारात भ्रमणध्वनी बंद ठेवावा लागतो. राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त फेब्रुवारीच्या अखेरीस ही वेधशाळा विद्यार्थी व नागरिकांसाठी खुली ठेवली जाते आणि त्या वेळी शालेय विज्ञान प्रकल्पांचे प्रदर्शनही भरते.

== हे सुद्धा पहा ==
* जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप
* गोविंद स्वरूप
* मंगळ ग्रह
* मंगळयान
* डॉप्लर परिणाम