पवनारची कुदळ आणि धडधडते हृदय

वर्धेहून नागपूरच्या रस्त्याला लागले की चारपाच मैलांवर पवनार गाव येते आणि तेथे धाम नदीवरचा पूल लागतो. ७ मार्च १९३८ रोजी या पुलावरून एक मोटार चालली होती. आत विनोबा भावे बसले होते. वय ४२ वर्षांचे आणि वजन अवघे ८८ पौंड, म्हणजे आजच्या मापाने ४० किलो! नालवाडीतील कष्टांनी आणि अपुऱ्या आहाराने शरीर पार झिजून गेले होते. गांधीजींनी त्यांना बोलावून प्रकृतीकडे लक्ष देण्याविषयी बजावले. थंड हवेच्या एखाद्या ठिकाणी जाणे सहज शक्य होते. विनोबांनी मात्र जवळची जागा निवडली, ती म्हणजे पवनारच्या टेकडीवरचा जमनालालजी बजाज यांचा बंगला.

पूल ओलांडताना त्यांनी सगळ्या कामांच्या चिंतेचा संन्यास घेतल्याचा संकल्प तीन वेळा उच्चारला. हा झाला त्यांच्या उपचाराचा पहिला भाग. दुसरा भाग कुदळीचा. टेकडीजवळच्या शेतात त्यांनी खोदायला सुरुवात केली. किती वेळ? पहिल्या दिवशी फक्त पाच मिनिटे. मग रोज थोडी थोडी वाढ. खोदतानाही मध्ये मध्ये ते क्षणभर थांबत, दम जिरवीत आणि पुन्हा कुदळ उचलीत. मिनिटांची मजल अशी तासांवर गेली. दहा महिन्यांत त्यांचे वजन ४० पौंडांनी वाढून १२८ पौंड झाले. याच खोदकामात भरत-राम भेटीची प्राचीन मूर्ती सापडली, ती आजही आश्रमात आहे. पुढे १९५१ ते १९६४ अशी सुमारे तेरा वर्षे हा मनुष्य भूदानासाठी भारतभर पायी हिंडला.

या गोष्टीत चमत्कार कोणता म्हणाल, तर ती पहिली पाच मिनिटे. अशक्त माणसाला आपण दोनच सल्ले देतो. एक म्हणतो, "पडून राहा." दुसरा म्हणतो, "अंग मोडून काम केल्याशिवाय ताकद येत नसते." पवनारचा मार्ग या दोहोंच्या मधला होता. ज्यांचे हृदय थोड्याशा श्रमाने धडधडू लागते, त्यांच्यासाठी हा मधला मार्ग वैद्यकशास्त्राला कसा सापडला, त्याचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. फिलाडेल्फियाच्या लष्करी रुग्णालयात डॉक्टर डा कोस्टा यांच्याकडे तरणेबांड सैनिक येत. तक्रार एकच: छातीत धडधड, दम लागणे, भोवळ. हृदयात रोग म्हणावा तर तो सापडत नसे. कित्येकांना आधी ताप किंवा हगवण होऊन गेलेली असे. १८७१ साली डा कोस्टांनी आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली आणि या विकाराला 'चिडखोर हृदय' असे नाव दिले. त्यांचा मुख्य उपाय म्हणजे विश्रांती.

पहिल्या महायुद्धात इंग्लंडपुढे हाच प्रश्न उभा राहिला. असे हजारो सैनिक हृदयरोगी समजून खाटेवर पडून होते. टॉमस लुइस या डॉक्टरांनी त्यांना तपासून हळूहळू चढत जाणारी कवायत सुरू केली. आज हलकी, ती पचली तर काही दिवसांनी थोडी जड. कोणाला कितपत झेपते हे त्या कवायतीनेच कळू लागले.

खाट शरीराचे काय करते, हे पुढे मोजूनच पाहण्यात आले. १९६६ साली अमेरिकेतील डॅलस शहरात पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवले. तेवढ्यात त्यांची श्रम करण्याची शक्ती सुमारे चौथ्या हिश्शाने घटली. तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले, तेव्हा दिसले की तीस वर्षांच्या वयाने झाली नव्हती इतकी घट त्या तीन आठवड्यांच्या खाटेने झाली होती!

आता ही धडधड येते कोठून ते पाहू. हृदयाचे ठोके, रक्तदाब, घाम, पचन ही कामे आपण सांगितल्याशिवाय चालतात. ती चालवणाऱ्या मज्जातंतूंच्या यंत्रणेला स्वायत्त मज्जासंस्था म्हणतात. आपण उभे राहिलो की रक्त पायांकडे उतरते. ही यंत्रणा लगेच पायांच्या रक्तवाहिन्या आवळते आणि रक्त वर चढते. यंत्रणा बिघडली की रक्त खालीच साचते आणि मेंदूला रक्त पुरवण्यासाठी हृदय धावू लागते. या बिघाडाला डिसऑटोनोमिया म्हणतात. त्याचा एक प्रकार 'पॉट्स'. हे नाव १९९३ साली रूढ झाले. उभे राहिल्यावर दहा मिनिटांत मोठ्या माणसाचे ठोके मिनिटाला तीस किंवा अधिक वाढतात, रक्तदाब मात्र फारसा उतरत नाही, आणि हा त्रास महिनोन्‌महिने टिकतो. २०२० नंतर करोनातून उठलेल्या कित्येकांना असा त्रास झाल्याचे दिसून आले.

उभे राहिल्यानेच त्रास होत असेल, तर व्यायामाची सुरुवात उभ्याने का करावी? डॅलसच्याच डॉक्टरांनी असे रुग्ण आधी आडव्या बैठकीच्या सायकलीवर, वल्हवण्याच्या यंत्रावर किंवा पाण्यात पोहायला घातले आणि काही आठवड्यांनी उभे केले. तीन महिन्यांत अनेकांची धडधड कमी झाली.

आपल्या खेड्यात अशी यंत्रे नाहीत. पण उताणे निजून एकेक पाय उचलणे, गुडघे दुमडून कंबर वर उचलणे, बसून टाचा-चवडे हलवणे, याला पैसा पडत नाही. पहिल्या दिवशी पाच मिनिटे पुष्कळ झाली. अंगठ्याच्या बाजूला मनगटावर बोटे ठेवून अर्धा मिनिट ठोके मोजा आणि दुप्पट करा. सुरू करण्यापूर्वी, नंतर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अशी तीनदा नोंद ठेवा. व्यायाम करताना सरळ एक वाक्य बोलता आले पाहिजे. शब्द तुटू लागले की थांबा. आपल्या वर्ध्याचा वैशाख म्हणजे आग. उन्हाने अंगातले पाणी आटले की ठोके आणखी वाढतात. म्हणून व्यायाम पहाटे, सावलीत आणि पाणी पिऊनच. मीठ वाढवण्याचा सल्ला काही रुग्णांना देतात, पण रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी तो मनाने अमलात आणू नये.

येथे एक गोष्ट बजावून सांगितली पाहिजे. काही रुग्णांना आज थोडे श्रम केले की उद्या-परवा अंथरूण धरावे लागते. त्यांनी मिनिटे वाढवण्याचा हट्ट धरू नये. तो त्यांना अपाय करतो. २०२१ साली इंग्लंडच्या अधिकृत वैद्यकीय मार्गदर्शनानेही दीर्घ थकव्याच्या अशा रुग्णांसाठी ठरावीक चढत्या व्यायामाचा सल्ला मागे घेतला. मोजमाप शरीराचे घ्यावे, घड्याळाचे नव्हे.

आणि प्रत्येक धडधड या बिघाडाचीच असते असेही नाही. रक्तक्षय, थायरॉईडचा विकार, ताप, हृदयाचा खरा रोग, यांपैकी काहीही असू शकते. विदर्भात सिकलसेलही आहे. म्हणून आधी तपासणी, मग व्यायाम. श्रम करताना छातीत दुखले किंवा शुद्ध हरपली तर घरगुती उपाय करीत बसू नका. तडक रुग्णालय गाठा.

शिक्षक बंधुभगिनींनो, प्रार्थनेच्या रांगेत एखादी मुलगी घेरी येऊन पडते, तेव्हा तिला उभी करण्याची घाई करू नका. आडवी निजवा, पाय थोडे उंच करा, शुद्धीवर आल्यावर पाणी द्या. वारंवार असे होत असेल तर पालकांना सांगून तिला डॉक्टरांकडे पाठवा. ती कवायतीत मागे पडते म्हणून तिला आळशी म्हणू नका. डा कोस्टांच्या सैनिकांनाही कामचुकार म्हणणारे होतेच.

पाच मिनिटांवर थांबायला लाज वाटते, शेजारी हसतील असे वाटते. पण पाच मिनिटांनी कुदळ खाली ठेवण्यातही एक शिस्त आहे. ज्याने ती पाळली, त्यालाच पवनारच्या शेतात दुसऱ्या दिवशी कुदळ पुन्हा उचलता आली.