जुना पडदा, नवे यंत्र आणि मधला सांधा

नागपूरहून छिंदवाड्याकडे निघालेला प्रवासी साठ-पासष्ट किलोमीटर गेला, की सौंसरच्या परिसरात जामसांवली लागते. पिंपळाच्या सावलीत पहुडलेल्या हनुमंताच्या दर्शनाला मंगळवारी आणि शनिवारी दोन्ही राज्यांतून माणसे येतात. दुकानांवरील पाट्या हिंदीत असतात. भाव मात्र मराठीत ठरतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून घरी मराठी आणि कचेरीत हिंदी हा दुहेरी व्यवहार या मुलखाच्या अंगवळणी पडला आहे. एका बाजूचे दुसऱ्या बाजूस समजेल असे करून देणे, हे येथील माणसास कोणी शिकवावे लागत नाही.

या मुलखात आज एक साधीशीच अडचण घरोघरी दिसते. मध्य प्रदेश शासन बारावीच्या परीक्षेत ठरावीक टक्केवारीहून अधिक गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास लॅपटॉपसाठी पंचवीस हजार रुपये देते. मुलगा नवे यंत्र घरी आणतो. त्याचा पडदा चौदा-पंधरा इंचांचा, म्हणजे दिवसभर अभ्यास करू पाहणाऱ्याच्या डोळ्यांना अपुराच. घरात, शाळेत अथवा ओळखीच्या दुकानात एखादा जुना सतरा-एकोणीस इंची मॉनिटर धूळ खात पडलेला असतो. तो चालू स्थितीत असतो, दिवाही लागतो. परंतु त्याच्या निळ्या पिनेला बसेल अशी जागा नव्या यंत्राच्या कडेवर कोठेच सापडत नाही. मग कोणी सांगतो, शंभर-दोनशे रुपयांचा कन्व्हर्टर आण. तो आणला जातो, आणि पुष्कळदा पडदा काळाच राहतो. दोष मॉनिटरवर येतो आणि मॉनिटर भंगारात जातो. खरा दोष कोठे असतो, हे समजण्यासाठी या पिनांचा इतिहास पाहिला पाहिजे. आणि त्या इतिहासाकडे जाण्याची वाट या मुलखात रेल्वेवरून जाते.

आज पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके मिळून एक जिल्हा झाला आहे. तो २०२३ साली अस्तित्वात आला. परंतु या दोन गावांच्या रेल्वेचे भाग्य एक नव्हते. पांढुर्णा नागपूर-इटारसी या थोरल्या मार्गावर, पाच फूट सहा इंच रुंदीच्या रुळांवर. सौंसर मात्र नागपूर-छिंदवाडा या धाकट्या मार्गावर, अवघ्या अडीच फुटांच्या रुळांवर. लॉर्ड डलहौसीच्या काळात हिंदुस्थानासाठी रुंद रूळ ठरले. १८७० च्या सुमारास लॉर्ड मेयोच्या कारकिर्दीत काटकसर म्हणून मीटर रुंदीचे रूळ आले. आणि सातपुड्याच्या डोंगराळ भागात बंगाल-नागपूर रेल्वेने त्याहूनही अरुंद, घाटात सहज वळणारे आणि थोड्या खर्चात होणारे रूळ टाकले. प्रत्येक निर्णय त्या त्या वेळी शहाणपणाचाच होता. परिणाम एवढाच झाला, की सौंसरच्या बाजूचा माल छोट्या गाडीने नागपुरापर्यंत आला, तरी पुढे मुंबईकडे जाण्यासाठी तो डब्यातून उतरवून मोठ्या गाडीच्या डब्यात भरावा लागे. गाठोडे तेच, माल तोच. परंतु मध्ये फलाट, हमाल आणि वेळ यांचा खर्च.

येथे दोन गोष्टींत भेद केला पाहिजे. रूळ एकाच रुंदीचे असून दोन डब्यांच्या साखळ्या तेवढ्या निराळ्या असतील, तर एक लोखंडी आकडा करून घेतला की काम भागते. रूळच निराळे असतील, तर आकड्याने काही होत नाही. तेथे माल उतरवून पुन्हा भरणारे हातच हवेत. मॉनिटर जोडण्याच्या साऱ्या घोटाळ्याचे मूळ या भेदाकडे झालेल्या दुर्लक्षात आहे.

१९८१ साली आय.बी.एम. कंपनीने आपला व्यक्तिगत संगणक बाजारात आणला, तेव्हा त्याच्या पडद्याची पिन नऊ काड्यांची होती. रंगासाठी तांबडी, हिरवी, निळी आणि उजेडाची अशा चार तारा, आणि प्रत्येक तारेत वीज एक तर आहे किंवा नाही. चार तारांच्या अशा हो-नाहीतून सोळाच रंग निघत. १९८४ मध्ये सहा तारा केल्या, तेव्हा चौसष्ट रंगांतून निवड करता येऊ लागली. याच मार्गाने पुढे जायचे, तर प्रत्येक नव्या रंगछटेसाठी तारा वाढवीत नेणे भाग होते.

एप्रिल १९८७ मध्ये त्याच कंपनीने निराळाच मार्ग धरला. तांबड्या, हिरव्या आणि निळ्या रंगांस एकेकच तार ठेवली, परंतु तीत हो-नाही न पाठविता शून्यापासून सुमारे सात दशांश व्होल्टपर्यंत हवा तेवढा दाब पाठविण्यास आरंभ केला. दाब जितका अधिक, तितका रंग उजळ. संगणकाच्या आतील आकड्यांचे या दाबात रूपांतर करणारा एक भाग यंत्रातच बसविला. प्रत्येक रंगाच्या चौसष्ट पायऱ्या धरल्या, तरी एकंदर २,६२,१४४ छटा झाल्या. हीच व्हीजीए, तीन ओळींत पंधरा काड्या आणि दोन्ही बाजूंस आवळण्याचे स्क्रू असलेली. त्या काळचे मॉनिटर पाठीमागे फुगलेल्या काचेच्या नळीचे होते. १८९७ साली कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी तयार केलेल्या नळीचेच ते वंशज. आणि त्या नळीला आकडे नकोच होते, तिला चढता-उतरता दाबच हवा होता. म्हणून ही योजना इतकी चपखल बसली, की तिच्या मूळ यंत्राचे नाव लोक विसरले तरी पिन तीस वर्षे टिकली.

मग नळी गेली आणि पातळ, सपाट पडदा आला. त्याचा प्रत्येक बिंदू स्वतंत्रपणे आकड्याने चालविला जातो. तेव्हा एक मोठीच विसंगती उत्पन्न झाली. संगणक आकड्यांचा दाब करी, तारेतून दाब जाई, आणि पडदा त्या दाबाचे पुन्हा आकडे करी. वाटेत थोडी झीज अपरिहार्यच. अक्षरांच्या कडा पुसट होत, लांब तारेत सावल्या पडत. जुन्या सपाट मॉनिटरवर ‘ऑटो’ नावाचे बटण असते, ते याचसाठी. येणाऱ्या दाबातून बिंदू नेमके कोठे सुरू होतात, हे तो पडदा त्या वेळी नव्याने अदमासून घेतो. हे बटण दाबले असते, तर किती तरी मॉनिटर ‘डोळ्यांना त्रास होतो’ या आरोपातून सुटले असते.

ही उठाठेव टाळण्यासाठी १९९९ मध्ये डीव्हीआय आली. तिच्यातून आकडेच जातात. परंतु संक्रमणकाळ ओळखून तिच्या एका प्रकारात चपट्या पातीभोवती चार काड्या अधिक ठेवून जुना दाबही बरोबर पाठविण्याची सोय केली. डिसेंबर २००२ मध्ये सात कंपन्यांनी मिळून एचडीएमआय आणली. तिने चित्रासाठी डीव्हीआयचीच भाषा घेतली, आवाजही त्याच तारेत घातला आणि पिन लहान केली. २००६ साली डिस्प्लेपोर्ट आले. त्यात चित्राचे आकडे टपालाच्या पाकिटांसारखे बांधून पाठविले जातात. डिसेंबर २०१० मध्ये इंटेल, ए.एम.डी. आणि काही मोठ्या संगणक कंपन्यांनी जाहीर केले, की २०१५ च्या सुमारास व्हीजीएस निरोप द्यावयाचा. २०१४ साली टाइप-सी नावाची चोवीस स्पर्शांची, उलटसुलट कशीही बसणारी पिन ठरली, आणि त्याच वर्षी तिच्यातून डिस्प्लेपोर्टचे चित्र नेण्याचा नियमही झाला. लॅपटॉप पातळ होत गेले, तसतशी स्क्रूवाली जाड पिन त्यांच्या कडेत मावेनाशी झाली.

आता फलाटावर परत यावे. मॉनिटरला डीव्हीआय असेल आणि लॅपटॉपला एचडीएमआय, तर रूळ एकच आहेत. फक्त साखळी निराळी. साधी तार किंवा आत काहीही नसलेला साधा जोड पुरतो. आवाज तेवढा येईलच असे नाही, कारण डीव्हीआयच्या मॉनिटरला बहुधा बोलता येत नाही. परंतु मॉनिटरला केवळ निळी व्हीजीए असेल, तर लॅपटॉपच्या एचडीएमआयमधून त्यास हवा तो दाब मुळी येतच नाही. तेथे आकड्यांचा दाब करणारा, आत लहानसा चिप असलेला कन्व्हर्टरच लागतो. बाजारात दोन्ही टोकांना केवळ पिना लावलेल्या, आत कोणतेही यंत्र नसलेल्या तारा मिळतात. त्यांनी एचडीएमआयवरून व्हीजीए मॉनिटर चालत नाही. आकडा लावून अरुंद डबा रुंद रुळावर चढविण्याचाच तो प्रकार होय.

मात्र रेल्वेचा दाखला येथे एका ठिकाणी अपुरा पडतो. फलाटावरचे हमाल माल दोन्ही दिशांनी चढवितात. हा चिप तसे करीत नाही. लॅपटॉपच्या एचडीएमआयकडून मॉनिटरच्या व्हीजीएकडे नेणारा कन्व्हर्टर निराळा, आणि जुन्या संगणकाच्या व्हीजीएकडून नव्या दूरदर्शन संचाच्या एचडीएमआयकडे नेणारा निराळा. दोन्हींची टोके पुष्कळदा दिसावयास सारखीच असतात, आणि घाईत चुकीचा उचलला जातो. वेष्टनावरील बाणाची दिशा वाचून घेणे, एवढाच याला उपाय.

चिप आहे म्हणजे त्याला वीजही लागते. एचडीएमआयच्या एका काडीतून पाच व्होल्टची थोडीशी वीज मिळते. ती पुष्कळांस पुरते, काहींस पुरत नाही. म्हणून काही कन्व्हर्टरांना बाजूस वीज घेण्याची लहान खाच असते. चित्र येऊन जाते, पुन्हा येते, असे झाले तर तेथे मोबाइलचा चार्जर जोडून पाहावा. आवाज व्हीजीएतून जात नसल्याने काहींना स्पीकरची खाचही दिलेली असते.

टाइप-सीची गोष्ट अधिक फसवी. पिन एकच, परंतु प्रत्येक खाचेतून चित्र निघतेच असे नाही. कित्येक लॅपटॉपांत आणि बहुसंख्य स्वस्त मोबाइलांत तिच्यातून केवळ वीज आणि माहिती जाते. खाचेजवळ डिस्प्लेपोर्टची खूण अथवा विजेच्या बाणाची खूण असेल, तर चित्राची आशा धरावी; नसेल, तर यंत्राबरोबर आलेली पुस्तिका पाहून मगच पैसे खर्चावेत. चित्र न देणाऱ्या खाचेलाही चालणारे एक निराळ्या जातीचे यंत्र मिळते. ते चित्र साध्या माहितीच्या रूपात घेते. परंतु त्यासाठी संगणकात प्रणाली भरावी लागते आणि त्याची किंमतही अधिक असते.

आणखी एक बारीक गोष्ट राहिली, आणि ती मोठी मनोरंजक आहे. पंधरा काड्यांतील बारावी आणि पंधरावी या चित्रासाठी नाहीतच. १९९४ पासून त्यांचा उपयोग मॉनिटरने आपली ओळख सांगण्यासाठी होऊ लागला. मी अमुक कंपनीचा, माझे बिंदू १२८० गुणिले १०२४, माझा वेग अमुक, असा १२८ बाइटांचा परिचय मॉनिटर संगणकास देतो. स्वस्त तारेत या दोन काड्या जोडलेल्याच नसतात, किंवा वाकून तुटलेल्या असतात. मग लॅपटॉपला पाहुणा कोण, हेच कळत नाही. तो संकोचाने लहानसे, फुगीर अक्षरांचे चित्र पाठवितो, नाहीतर पाठवीतच नाही. अशा वेळी मॉनिटर बदलण्याआधी तार बदलून पाहावी. चित्र आले, पण माणसे उंच आणि सडपातळ दिसू लागली, तर जुना पडदा पाचास चार या मापाचा आणि नवा सोळास नऊ या मापाचा आहे, हे ध्यानी घेऊन लॅपटॉपच्या मांडणीत मॉनिटरचे मूळ माप निवडावे.

नागपूर-छिंदवाडा छोटी लाईन २०१५ च्या अखेरीस बंद झाली. देशभर रूळ एकाच रुंदीचे करण्याचे धोरण १९९२ पासून चालू होते. त्यात तिचीही पाळी आली. २०२१ पासून सौंसरमार्गे रुंद रुळांवरून गाडी धावते, आणि छोट्या गाडीची इंजिने पाहावयाची, तर नागपुरातील मोतीबागेच्या संग्रहालयात जावे लागते. मधली पाच-सहा वर्षे या भागातील माणसे एस.टी.ने आणि खासगी गाड्यांनी गेली. रेल्वेला तसे करता आले, कारण रूळ सरकारचे. घरोघरच्या मॉनिटरांचे रूळ कोणी एका दिवसात बदलून देत नाही.

आणि भंगाराचा मार्ग वाटतो तितका सोपा नाही. फुगलेल्या नळीच्या काचेत शिसे असते; पहिल्या पिढीतील पुष्कळशा सपाट पडद्यांच्या मागील दिव्यांत पारा. नळी फोडून तांबे काढणाऱ्याच्या हाताला आणि फुफ्फुसांना त्याची किंमत द्यावी लागते. ई-कचऱ्याचे नियम आपल्याकडे २०११ मध्ये झाले, २०१६ आणि २०२२ मध्ये ते बदलले. जुने यंत्र नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच जावे, असा त्यांचा रोख आहे. दारावर येणारा भंगारवाला मॉनिटर वजनावर घेतो. काळा पडलेला प्रत्येक मॉनिटर मेलेलाच असतो असे नाही. त्याची तार लॅपटॉपपासून सोडवून वीज तेवढी चालू ठेवावी. ‘सिग्नल नाही’ अशी अक्षरे पडद्यावर तरंगू लागली, तर तो जिवंत आहे, आणि शोध मधल्या सांध्यातच घेतला पाहिजे.