इन्व्हर्टर घरात कसा आला

महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत वीज पोहोचली, तरी घरातला कंदील लगेच माळ्यावर गेला नाही. कराडजवळच्या ओगलेवाडीत १९१६ साली सुरू झालेल्या ओगले काच कारखान्याचा ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रातील असंख्य घरांत पिढ्यान्‌पिढ्या वापरात होता. वीज आल्यानंतरही संध्याकाळी त्याची काच राखेने पुसून, वात कापून, रॉकेल भरून तो खुंटीला टांगून ठेवण्याची रीत अनेक वर्षे टिकली. लग्नकार्याला पेट्रोमॅक्स असे. विजेवर तेव्हा घरात दिवेच लागत. त्यामुळे वीज गेल्यावर कंदील पेटवला की गेलेली सोय बहुतांशी परत मिळे.

पंखा आणि दूरचित्रवाणी संच घरोघर आले आणि हे बदलले. कंदिलावर पंखा फिरत नाही. विजेला पर्याय म्हणून वीजच लागेल अशी गरज पहिल्यांदा तेव्हा निर्माण झाली. घरगुती पर्यायी विजेचा इतिहास खऱ्या अर्थाने इथून सुरू होतो.

या इतिहासात मुंबई शहराचा वाटा लहान आहे. टाटांच्या खोपोली जलविद्युत केंद्रातून १९१५ पासून मुंबईला वीज मिळत होती. पुढे १९८१ पासून, राज्याच्या जाळ्यात बिघाड झाल्यास शहराचा पुरवठा वेगळा काढून चालू ठेवण्याची यंत्रणाही उभी राहिली. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई अंधारात गेली तेव्हा ती देशभराची बातमी झाली, कारण तिथे असे क्वचितच घडे. उरलेल्या महाराष्ट्राला वीज देण्याची जबाबदारी १९६० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाकडे होती, आणि वीज जाण्याचा अनुभवही मुख्यतः याच भागाच्या वाट्याला आला.

पर्यायी वीज म्हणजे प्रथम जनरेटर. पुण्यात खडकीला १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली आणि तिची डिझेल इंजिने आधी शेतातल्या पंपांवर व पुढे जनरेटर संचांवर चालू लागली. दवाखाने, चित्रपटगृहे, मंगल कार्यालये आणि लिफ्ट असलेल्या सोसायट्या हे त्यांचे ग्राहक. १९८०च्या दशकात श्रीराम-होंडाचे लहान, पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारे संच आले आणि दुकानांच्या दारात दिसू लागले. घरात मात्र जनरेटर रुळला नाही. आवाज, धूर, इंधनाची साठवण आणि दर वेळी दोरी ओढून सुरू करण्याचा खटाटोप दोन खोल्यांच्या बिऱ्हाडाला झेपणारा नव्हता. आवाजाचा जाच एवढा वाढला की पुढे केंद्र सरकारने डिझेल संचांना एक मीटर अंतरावर ७५ डेसिबलची मर्यादा घातली.

घरासाठी सोयीचा ठरला तो इन्व्हर्टर. त्याचा मूळ भाग, म्हणजे शिसे आणि गंधकाम्लाची बॅटरी, फ्रान्समध्ये गास्तों प्लान्तेने १८५९ साली तयार केला होता. भारतात मोटारींसाठी तिचे उत्पादन मोठ्या प्रमाणावर होत होते. एक्साइडचा चिंचवडचा कारखाना १९६९ सालचा आहे. बॅटरीतील एकदिश प्रवाहाचे घरात चालणाऱ्या २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करायचे आणि वीज आली की बॅटरी पुन्हा भरायची, एवढेच इन्व्हर्टरचे काम. सुरुवातीची यंत्रे ‘स्क्वेअर वेव्ह’ प्रकारची होती. त्यांच्यावर पंखा गुणगुणे, ट्यूबचा चोक तापे, रेडिओत खरखर येई. अनेकांनी त्यांना मोटारीची बॅटरी जोडली आणि ती थोड्याच काळात निकामी झाली. मोटारीची बॅटरी इंजिन सुरू करताना क्षणभर मोठा प्रवाह देण्यासाठी बनवलेली असते. तासन्‌तास रिकामी होत राहणे तिला सोसत नाही. जाड, नळीदार पट्ट्यांची ‘ट्युब्युलर’ बॅटरी आणि ‘साइन वेव्ह’ इन्व्हर्टर ही जोडी रूढ झाल्यावर या तक्रारी कमी झाल्या. ल्युमिनस, मायक्रोटेक, सु-कॅम या दिल्ली परिसरातील कंपन्यांची नावे या व्यापारात सर्वत्र ऐकू येऊ लागली.

तरीही महाराष्ट्रात इन्व्हर्टरला घराघरांत नेले ते भारनियमनाने. गुहागर तालुक्यातील एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाचा ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला आणि विजेच्या दरावरून झालेल्या वादात मे २००१ मध्ये बंद पडला. नवी निर्मिती मागणीच्या मागे राहिली. जून २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन महावितरण अस्तित्वात आली, तेव्हा तिच्यासमोर हजारो मेगावॉटची तूट होती. वीजगळती आणि थकबाकी यांनुसार भागांचे गट पाडले गेले. जिथे गळती जास्त, तिथे वीज जास्त तास बंद. ग्रामीण भागात बारा तासांपर्यंत आणि कधी त्याहून अधिक अंधार असे. शिस्त लावण्याचा हेतू समजण्यासारखा असला, तरी नियमित बिल भरणाऱ्या घराला शेजारच्या आकड्याची शिक्षा भोगावी लागे, आणि ही व्यवस्था त्या घरापुरती अन्यायकारकच होती.

वर्तमानपत्रात छापलेले वेळापत्रक भिंतीला चिकटवून घराचा दिवस आखला जाई. टाकीत पाणी कधी चढवायचे, गिरणीत दळण कधी टाकायचे, दहावी-बारावीच्या मुलांनी कधी अभ्यासाला बसायचे, हे सारे त्यावर ठरे. ज्याला परवडेल त्याने इन्व्हर्टर घेतला. वायरमन दोन दिवे, दोन पंखे आणि टीव्ही यांची वेगळी लाइन काढून देई. फ्रिज, मिक्सर आणि गीझर त्यातून वगळलेले असत.

घरापुरता हा उपाय रास्त होता, राज्यासाठी नव्हता. इन्व्हर्टर वीज निर्माण करत नाही. तो जाळ्यातलीच वीज साठवतो आणि भरताना व रिकामी करताना तिचा मोठा भाग उष्णतेत घालवतो. भारनियमनाची वेळ संपताच एका भागातल्या सगळ्या बॅटऱ्या एकदम भरू लागत आणि आधीच अपुऱ्या असलेल्या पुरवठ्यावर ताण वाढे. याउलट काही सामुदायिक उपायही झाले. पुण्यात २००६ साली उद्योगांनी टंचाईच्या वेळी स्वतःचे जनरेटर चालवायचे, त्यामुळे वाचलेली वीज शहराला द्यायची आणि जास्तीचा खर्च ग्राहकांकडून थोड्या वाढीव आकारातून वसूल करायचा, अशी योजना नियामक आयोगाच्या मान्यतेने राबवली गेली. ‘अक्षय प्रकाश’ योजनेत गावकऱ्यांनी संध्याकाळी शेतीपंप बंद ठेवण्याचे मान्य केले आणि त्या बदल्यात घरांना दिव्यापुरती वीज मिळाली. या दोन प्रयोगांची आठवण इन्व्हर्टरच्या जाहिरातींइतकी राहिली नाही, याचे वाईट वाटते. शेजाऱ्यांनी मिळून केलेली सोय सर्वांना पुरत होती.

नवी वीजकेंद्रे आल्यावर २०१२च्या अखेरीस राज्याच्या बहुतेक भागांतील भारनियमन संपले. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी जोडले गेले. वीज जाणे आता वेळापत्रकाऐवजी वादळ, पाऊस आणि रोहित्राच्या बिघाडावर ठरू लागले.

घराचा भारही या काळात उतरला, आणि हा बदल बॅटरीतील सुधारणांपेक्षा मोठा आहे. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीत कागदोपत्री १,८०० वॉट-तास ऊर्जा असते. तूट वजा जाता चौदाशेच्या आसपास हाती येते. चोकसह पन्नास वॉटच्या दोन ट्यूब, पंचाहत्तर वॉटचे दोन पंखे आणि शंभर वॉटचा टीव्ही, असा साडेतीनशे वॉटचा भार ती चारेक तास ओढे. २०१५ पासून ‘उजाला’ योजनेत एलईडी दिवे स्वस्तात मिळाले. पाठोपाठ तीस वॉटच्या आसपास चालणारे बीएलडीसी पंखे आले. त्याच घराचा भार वायफायच्या राऊटरसकट पावणेदोनशे वॉटवर येतो, आणि तीच बॅटरी आठेक तास पुरते.

शिशाच्या बॅटरीची निगा आणि अखेर, दोन्ही त्रासाच्या. डिस्टिल्ड वॉटर वेळेवर घालावे लागते, भरताना हायड्रोजन सुटतो म्हणून हवेशीर जागा लागते, आणि भंगारात गेलेले शिसे उघड्यावर वितळवले की आसपासच्या मुलांच्या रक्तात उतरते. जुनी बॅटरी विक्रेत्याने परत घ्यावी असे नियम २००१ मध्ये झाले. २०२२ मध्ये नव्या नियमांनी ही जबाबदारी उत्पादकांवर अधिक स्पष्टपणे टाकली. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी हलकी, दीर्घायुषी आणि पाणी न लागणारी असते, पण तिची खरेदी महाग पडते.

छतावर सौरसंच बसवला की वीज गेल्यावरही घरात दिवे लागतात, असा मात्र एक गैरसमज पसरला आहे. नेट मीटरिंगचे नियम राज्यात २०१५ मध्ये आले, आणि २०२४ च्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत तीन किलोवॉटच्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान ठरले. पण जाळ्याला जोडलेला साधा सौरसंच वीज गेली की स्वतःहून बंद होतो, कारण खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या अंगावर घरातून वीज जाऊ नये. अंधारात दिवा हवा असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागतेच. सौरसंच घेताना हे विक्रेत्याला आधी विचारावे, आणि बॅटरीचा आकार ठरवण्यापूर्वी घरातले जुने पंखे बदलावेत.