फुप्फुसाच्या कर्करोगातील लसीका ग्रंथींची रेणवीय तपासणी

फुप्फुसातील अर्बुदापासून सुटलेल्या कर्करोगपेशी लसीका ग्रंथींपर्यंत पोहोचल्या आहेत की नाहीत, हे पेशींच्या दिसण्यावरून न ठरवता त्यांच्यातील आरएनए किंवा डीएनए या न्यूक्लिइक अम्लांच्या खुणांवरून ठरवणारी प्रयोगशालेय तपासणी. तिचा अभ्यास मुख्यतः अ-लघुपेशी कर्करोगात झाला आहे. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांत हा प्रकार आढळतो आणि तो लवकर सापडल्यास शस्त्रक्रिया हा त्यावरील प्रमुख उपचार असतो.

रोगाची अवस्था ठरवणाऱ्या टीएनएम वर्गीकरणात ‘एन’ हे अक्षर लसीका ग्रंथींची स्थिती दर्शवते. एकही ग्रंथी बाधित नसल्यास एन०, अर्बुदाच्याच बाजूच्या फुप्फुसातील किंवा फुप्फुसमुळाशी असलेल्या ग्रंथी बाधित असल्यास एन१, त्याच बाजूच्या मेडियास्टिनममधील, म्हणजे दोन फुप्फुसांमधल्या जागेतील ग्रंथी बाधित असल्यास एन२ आणि विरुद्ध बाजूच्या अथवा गळपट्टीच्या हाडावरील ग्रंथींपर्यंत रोग गेल्यास एन३ अशी नोंद होते. शस्त्रक्रियेपूर्वी सीटी व पेट या प्रतिमांवरून ग्रंथींचा अंदाज घेतात. परंतु क्षयाने सुजलेली ग्रंथीही पेटमध्ये उजळ दिसू शकते, त्यामुळे भारतासारख्या क्षयाचे प्रमाण मोठे असलेल्या देशात केवळ प्रतिमेवर विसंबता येत नाही. अशा वेळी श्वासनलिकेतून ध्वनिलहरींच्या साहाय्याने सुई घालून, म्हणजे ईबस पद्धतीने, ग्रंथीतील पेशी काढून तपासतात.

शस्त्रक्रियेत काढलेल्या ग्रंथींचे पातळ छेद रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे ही प्रस्थापित पद्धत आहे, पण तिला नमुन्याच्या आकारमानाचीच मर्यादा पडते. ग्रंथीचे २ मिलिमीटर जाडीचे काप करून प्रत्येक कापातून ५ मायक्रोमीटरचा एकच छेद पाहिला, असे मानल्यास प्रत्यक्ष तपासला जाणारा भाग जेमतेम ०.२५ टक्के भरतो. परिणामी ०.२ ते २ मिलिमीटर आकाराचे सूक्ष्म फैलाव आणि त्याहून लहान, सुट्या पेशींचे पुंजके नजरेतून निसटू शकतात. एन० ठरलेल्या काही रुग्णांत रोग पुन्हा का उद्भवतो, याचे एक संभाव्य उत्तर या निसटलेल्या पेशींत शोधले गेले.

पद्धती : निरोगी लसीका ग्रंथीत सामान्यतः अधिस्तर पेशी नसतात, तर फुप्फुसाचा अ-लघुपेशी कर्करोग अधिस्तर पेशींपासून उद्भवतो, म्हणून ग्रंथीत अधिस्तर पेशींचा संदेशक आरएनए सापडणे हा फैलावाचा पुरावा मानतात. आरटी-पीसीआर पद्धतीत या आरएनएपासून पूरक डीएनए तयार करून त्याच्या असंख्य प्रती बनवतात; त्यासाठी सायटोकेराटिन १९ व सीईए या प्रथिनांच्या संदेशक आरएनएचा वापर झाला आहे. ओस्ना पद्धतीत ग्रंथीचा लगदा करून आरएनए वेगळा न काढताच सायटोकेराटिन १९च्या संदेशक आरएनएचे प्रवर्धन स्थिर तापमानाला करतात. त्यामागील लॅम्प हे तंत्र जपानी संशोधकांनी २००० साली मांडले, आणि ओस्ना प्रथम स्तनाच्या कर्करोगासाठी विकसित होऊन नंतर फुप्फुसाच्या कर्करोगात तपासली गेली. निष्कर्ष शस्त्रक्रिया चालू असतानाच मिळू शकतो आणि संदेशक आरएनएच्या प्रतींची संख्याही कळते. तिसऱ्या प्रकारात केआरएएस, पी५३ यांसारख्या जनुकांतील मूळ अर्बुदात आढळलेले उत्परिवर्तन किंवा जनुकांचे मिथिलीकरण, म्हणजे डीएनएवर मिथिल गट जोडला जाऊन जनुक निष्क्रिय होण्याची खूण, ग्रंथीत शोधतात.

संशोधनातील निष्कर्ष : अमेरिकेतील झेड००४० या चाचणीत नेहमीच्या तपासणीत निर्दोष ठरलेल्या ग्रंथी सायटोकेराटिनच्या प्रतिपिंडांनी रंगवल्या असता ५८० पैकी १३० रुग्णांत, म्हणजे २२.४ टक्क्यांत, लपलेल्या कर्करोगपेशी आढळल्या आणि त्या रुग्णांचे आयुर्मान तुलनेने कमी राहिले. ही रेणवीय प्रवर्धनाची नव्हे, तर प्रथिन दाखवणाऱ्या रंजनाची तपासणी होती. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या जॉन्स हॉपकिन्स येथील अभ्यासात पहिल्या अवस्थेच्या शस्त्रक्रियेनंतर ४० महिन्यांच्या आत रोग उलटलेल्या ५१ रुग्णांची तुलना न उलटलेल्या ११६ रुग्णांशी केली असता, अर्बुदात व निर्दोष दिसणाऱ्या ग्रंथींत आढळलेले काही जनुकांचे मिथिलीकरण रोग लवकर उलटण्याशी निगडित दिसले. याउलट सीएएलजीबी ९७६१ या चाचणीत सीईएच्या आरटी-पीसीआरने रंजनापेक्षा कितीतरी अधिक रुग्ण सकारात्मक ठरवले, परंतु त्या निष्कर्षावरून आयुर्मानाचे भाकीत करता आले नाही.

मर्यादा : या विसंगतीचे मूळ तपासणीच्या अतिसंवेदनशीलतेत आहे. अत्यल्प आरएनएही मोजला गेल्याने शस्त्रक्रियेच्या वेळी किंवा प्रयोगशाळेत झालेली परक्या आरएनएची भेसळ, ग्रंथीत क्वचित असणाऱ्या निरुपद्रवी अधिस्तर पेशी आणि मृत पेशींचे अवशेष यांमुळे खोटा सकारात्मक निष्कर्ष निघू शकतो. म्हणून किती प्रतींपुढे फैलाव मानायचा, याची सीमा आधी ठरवावी लागते. उलट एखाद्या अर्बुदात सायटोकेराटिन १९ तयारच होत नसेल, तर ग्रंथी बाधित असूनही निष्कर्ष नकारात्मक येतो. शिवाय लगदा केलेल्या भागात पेशी कुठे होत्या व कशा होत्या, हे पुन्हा पाहता येत नसल्याने ग्रंथीचा काही भाग सूक्ष्मदर्शक तपासणीसाठी राखावा लागतो.

सद्यःस्थिती : टीएनएम नियमांनुसार केवळ रेणवीय तपासणीत सापडलेल्या सुट्या पेशींमुळे अवस्था वाढत नाही, अशी ग्रंथी एन०च राहते आणि तिच्यापुढे रेणवीय सकारात्मकतेची खूण जोडतात. ईबसने काढलेल्या ग्रंथीच्या नमुन्यात ईजीएफआर, एएलके आदी जनुकांतील बदल तपासण्याची प्रथा मात्र रूढ असून तिचा उद्देश फैलाव शोधणे नव्हे, तर योग्य औषध निवडणे हा असतो. लपलेल्या फैलावाची रेणवीय तपासणी उपचाराचा आधार होण्यासाठी, तिच्या निष्कर्षावरून दिलेल्या पूरक उपचाराने रुग्णांचे आयुष्य वाढते, हे चाचण्यांतून सिद्ध व्हावे लागेल.